झटकली की वाळते

तिकीटखिडकीच्या डाव्या हाताला, पत्र्याखाली,
माझं काउंटर. लॉकर, टॉवेल, भाड्याचे कपडे.
आठ पावसाळे इथे बसून
माणसं मला चेहऱ्यानं नाही, कापडानं ओळखू येतात.

जीन्स घालून आलेला पोरगा सकाळी हिरो असतो.
पहिल्या पाण्याच्या झुल्यावरून उतरतो तेव्हा
दोन्ही पायांना ओल्या गोण्या बांधल्यागत चालतो.
मी आधीच सांगते, "भाऊ, दोन दिवस वाळत नाही ते."
तो हसतो. संध्याकाळी शहर बसमध्ये
उभ्यानंच जातो, कंडक्टर बसू देत नाही म्हणून.

पांढरा शर्ट नको. का नको ते पाऊसच सांगतो.
ओढणी नको, पाळण्याच्या चाकाला ओढणीचं भारी वेड.
छत्री आणलीच असेल तर माझ्याकडे ठेवा.
माझ्या कोपऱ्यात छत्र्या
ओल्या कावळ्यांसारख्या खांदे पाडून उभ्या असतात.

ढोबळेबाई आल्या तो मारबतीचा दिवस.
तिकडे महालात मिरवणूक, शाळा बंद,
इकडे हिंगण्याच्या अलीकडे
आभाळ राखेनं घासलेल्या पातेल्यासारखं.
सोबत सून, दोन नाती, आणि अंगावर
खळ दिलेली, कडक इस्त्रीची वायल साडी.

"साडी चालत नाही जी आतमधे."
"काहून? चाळीस वर्षं चालली ना बापा सगळीकडे!
शाळेत चालली, जनगणनेत चालली,
इलेक्शन ड्युटीला भिवापूरच्या नाल्यातून
कमरेएवढ्या पाण्यात चालली."

बोर्डाकडे बोट दाखवायचा मला पगार मिळतो.
त्या दिवशी दाखवलं नाही.
खालच्या खणातून माझी स्वतःची काढली,
काळी, नायलॉनची, घोट्यापर्यंतची,
नाडी सैल, खिशाला चेन.
वर गडद निळा टी-शर्ट, कोपरापर्यंत बाह्या.
"घालून तर पाहा. झटकली की वाळते."

कापड त्यांनी चिमटीत धरून चोळलं,
इतवारीत गहू पारखतात तसं.
"हे तं हातात काहीच नाही."
"हो. तेच."

आत फार वेळ लागला.
सून दाराशी, "आई, झालं का?"
उत्तर नाही, नुसता पत्र्यावर पाऊस.
मग कडी निघाली.
त्यांचे हात जागा शोधत होते.
सावरायला पदर नाही, खोचायला निऱ्या नाहीत,
हातांना कामच उरलं नव्हतं.
धाकटी नात म्हणाली,
"आजी, तुला पाय आहेत!"

मागे पट्टा असलेली चप्पल दिली.
कोरडे मोजे पिशवीत गाठ मारून लॉकरमध्ये ठेवायला लावले.
घरी जाताना मोजे कोरडे असले
की माणूस भिजल्याची तक्रार करत नाही,
हा माझा अनुभव.

मोठ्या उताराचं वरचं टोक
माझ्या पत्र्याखालून अर्धंच दिसतं.
पाऊस तिरपा. गाडी वर क्षणभर अडली,
आणि एक बाई गळा फाडून ओरडली,
"गुडघेदुखी घेऊन जा गे मारबत!"
मागोमाग अख्खी गाडी,
"गणिताचा पेपर घेऊन जा!"
"घराचे हप्ते घेऊन जा!"
"नवऱ्याची बदली... नाही, ती राहू दे!"
पुढचं पाण्यात गेलं.

चारला वीज चमकली, झुले थांबले.
त्या परत आल्या तेव्हा केसांतून पाणी निथळत होतं
आणि एक टिकली कुठेतरी वाहून गेली होती.
साडी पुन्हा नेसल्या. कोरडी, कडक,
कोपरे जागच्या जागी.
पॅन्ट मला दिली ती पिळून, झटकून,
निऱ्यांसारख्या चुण्या घालून,
वरून हात फिरवून.
भाडं घेतलं नाही, तर रागावल्या.

मग काउंटरवर वाकून,
सुनेला ऐकू जाणार नाही इतक्या हळू,
"बर्डीवर कुठं मिळते गं हे?
आन् खिसा असलेलीच सांग."