कोर्ट उठेपर्यंत

अर्जात अकरावा रकाना आहे:
अर्जदाराविरुद्ध फौजदारी प्रकरण प्रलंबित आहे काय?
हो किंवा नाही.
तिसरं काही टाइप होत नाही.

मोती तबेल्याच्या कलेक्टर कचेरीत
विदेशी शाखेची मी धाकटी कारकून.
समोर पद्मीबाई, पळसीकर कॉलनीच्या,
मूळ गाव घोटकी, सिंध,
पापड लाटून लाटून मनगटं सुजलेली.
त्या सिंधी मिसळून हिंदी बोलतात,
मी हिंदी मिसळून मराठी,
मधे कागद असतो, तो दोघींनाही नीट कळत नाही.

आहे एक, म्हणाल्या.

गुन्हा असा, की
व्हिसावर गाव एकच होतं, इंदूर,
आणि त्या न विचारता बसल्या
सरवटे स्टँडवरून उज्जैनच्या बसमध्ये.
मांडीवर स्टीलचा डबा, झाकणाला फडकं,
डब्यात झामनदास.
सांवेरच्या पुढे जिल्हा संपतो.
तिथे कोणी बस थांबवली नाही.
रामघाटाजवळच्या धर्मशाळेत मात्र
वहीत त्यांनी खरं नाव लिहिलं,
खरा पासपोर्ट नंबर.
खरं लिहिलं म्हणून सापडल्या.

झामनदासचा स्वतःचा नागरिकत्वाचा अर्ज
तेव्हा आमच्याच कपाटात होता.
शेरा माझ्याच अक्षरात आहे:
अर्जदार मयत. नस्तीबद्ध.

मी एकदा बोलू नये ते बोलून गेले.
मावशी, आपली कान्ह पण शेवटी क्षिप्रेलाच मिळते.
कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांखाली सोडलं असतं
तर काका आपले आपण पोचले असते.
त्यांनी नाक मुरडलं. त्या नाल्यात?
आणि खरंच, तिलाही आता म्हणे
उज्जैनच्या अलीकडे पाइपात घालून वळवतात.
तिची फाइल कुठल्या शाखेत, मला माहीत नाही.

सहा वर्षं तारखा पडल्या.
पंच फितूर झाला नाही, फक्त बदली होऊन मंदसोरला गेला.
धर्मशाळेची वही वाळवीनं अर्धी खाल्ली.
शेवटी साहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल?
पद्मीबाई म्हणाल्या, पोचवलं, एवढं कबूल.

हजार रुपये दंड
आणि कोर्ट उठेपर्यंतची कैद.

मागच्या बाकावर बसून त्यांनी ती भोगली.
पदरात रोटी, लोणच्याची फोड.
एक मोटरसायकल चोर पाहिला,
पोटगीसाठी आलेली एक पोरगी पाहिली, तिच्या बाळाला रोटी दिली.
पाच वाजता साहेब उठले, वकील उठले,
पंखे बंद झाले, या बसलेल्याच.
शिपाई म्हणाला, अम्मा, सजा संपली, उठा.
त्यांनी पावती मागितली.
दंडाची मिळते, तो म्हणाला,
बसल्याची नाही मिळत.

मला नेमकी तीच हवी होती.
निकालाची प्रमाणित प्रत यायला आणखी सात महिने.

आमचे कोण कुठले पूर्वज
होळकरांच्या घोड्यांमागून इकडे आले,
साताऱ्याहून की वाईहून, घरात एकमत नाही.
मुक्कामाची मुदत त्यांना कोणी विचारली नसावी.
हे मी पद्मीबाईंना सांगितलं नाही.
सांगून काय, त्या म्हणाल्या असत्या, चांगलं झालं बेटी.

आज रकाना अकरा: नाही.
पान पुढे सरकलं. दोघी हसलो.

रकाना सतरा: पतीचे सध्याचे राष्ट्रीयत्व.
मयत टाइप केलं. तांबडी ओळ आली.
रिकामं सोडलं. तांबडी ओळ आली.
यादीतूनच निवडा, असं लिहून आलं.

पद्मीबाईंनी चष्मा पुसला, स्क्रीनवर वाकल्या,
अफगाणिस्तानपासून खाली सरकणारे देश
पापड मोजावेत तसे बघत राहिल्या.
मग हळूच म्हणाल्या,
उ वर काही आहे का?

आहे, म्हटलं. उझबेकिस्तान आहे.
उरुग्वे आहे.

लंच झाला. शाखा रिकामी झाली.
मी स्क्रीन तशीच ठेवली,
त्या तशाच बसून होत्या.