शेजारची पिशवी

काढली ती एक पिशवी.
बिघडली ती तिची शेजारीण.

डॉक्टरीणबाईंनी कागदाच्या पाठीवर काढून दाखवलं,
इथे ही होती, इथे ती,
मधे पापुद्र्याएवढी भिंत.
मी म्हटलं, आमच्या गल्लीत
आमादोरच्या मामाचं घर पाडलं
तेव्हा आमच्याही स्वयंपाकघराला तडा गेला होता.
बाई हसल्या. मीही हसले.
आणि यापुढे हसायचं नाही, हे
खुर्चीवरून उठताना कळलं.

पहिले दहा दिवस नळी.
मांडीला बांधलेली, तिचीही एक पिशवी.
आमादोर पहाटे ती रिकामी करायचा,
एक शब्द न बोलता,
मग मासे साफ केल्यावर धुतो तसे
लिंबू चोळून हात धुवायचा.
मी भिंतीकडे तोंड करून
झोपेचं सोंग घ्यायचे.
एकतीस वर्षांत त्यानं माझं
इतकं जड काही उचललं नव्हतं.

मग नळी निघाली.
आधी होईना.
मग थांबेना.

खोकला. शिंक. भांड्यांवर सोडलेला नळ.
कुलपात किल्ली फिरली की तिला वाटतं, आलं घर,
आणि घर तर अजून दाराएवढं लांब.
भाचीच्या लग्नाला मी काळा झगा घातला.
लोक म्हणाले, दोरिंदा
आईचं सुतक अजून पाळते बघा.
पाळू दे म्हटलं.

इस्पितळातून एक वही मिळाली.
किती प्यालात, किती वाजता,
किती झाली, मिलिलिटरमध्ये.
गळती: होय किंवा नाही.
मी आयुष्यभर मोजणारीच बाई.
किती किलो तिसऱ्या, कुठल्या मापाच्या,
पाणी किती वाजता उतरतं, कधी फिरतं.
आता एकाच पानावर दोघांचं लिहिते.
ओहोटी, पाच बावन्न.
मी, दोन दहा, तीन चाळीस,
चार पंचवीस, पाच पाच.
समुद्र दिवसातून दोनदा जातो आणि वेळेवर जातो,
त्याच्यावर चंद्राचं लक्ष असतं.
माझ्यावर होतं ते, महिन्याचं,
पिशवीबरोबर तेही गेलं असावं.

चौदाव्या आठवड्यात पुन्हा उतरले.
आरोसाची खाडी, नोव्हेंबर,
कमरेइतकं पाणी, हातात दाताळं,
अंगात काळा रबरी सूट.
वाळूत पहिला ओढ घेतला
आणि पोटातून जी कळ सुटली तिला
ना दार होतं, ना किल्ली.
ऊब. मांड्यांवरून, पोटऱ्यांवरून,
गुडघ्यामागे जरा रेंगाळून,
मग थंड.
मी मान खाली घालून ओढतच राहिले.
रडले असेन, तेही खारटच.

शेजारी एरुंदिना. एकाहत्तर वर्षांची,
पाच बाळंतपणं, एक टाक्यांचं पोट.
चाळण हलवता हलवता म्हणाली,
वर न बघता,
"पोरी, मी सगळ्यांच्या आधी का उतरते पाण्यात,
कधी विचारलंस का?"
मी म्हटलं, चांगली जागा पकडायला.
"जागाच पकडते," ती म्हणाली.
पलीकडून सबेला खोकली,
मग तिच्या पलीकडची,
आणि ते खोकणं नव्हतं.
बावीस बायका, अख्खी रांग,
दाताळ्यांवर रेलून हसत होतो,
तोंड भरून, पाय फाकवून,
कुणीही मांड्या आवळल्या नाहीत.

किनाऱ्यावर चिटणीस ओरडला, काय झालं?
काही नाही, एरुंदिना म्हणाली,
पाणी आज ऊबदार आहे.

व्यायाम सांगितलेत, ते करते.
आवळा, दहा मोजा, सोडा.
सातपर्यंत पोचले आहे.
जमिनीवर अजून किल्ली फिरते, अजून धावते,
कधी पोचते, कधी नाही.
डॉक्टरीणबाईंनी परवा वही चाळली,
एका ओळीवर बोट ठेवून थांबल्या:

सकाळी सहा चाळीस.
गळती: होय.
किती: मोजता आलं नाही,
समुद्रात होते.