बावीस पायऱ्या

भेग मोजायला काच लावतात.
दोन टोकांना प्लास्टरचे गोळे, मधे काचेची पातळ पट्टी,
तिच्यावर तारीख.
भिंत हलत असेल तर काच तडकते,
नसेल तर तीन महिन्यांनी जाऊन
अहवालात लिहायचं : स्थिर.

नवतपा सुरू होता. सदरच्या रस्त्यावर कुत्रंही नव्हतं.
शाळेच्या बंद पडलेल्या जुन्या इमारतीत
टेप, टॉर्च आणि डायरी घेऊन मी,
आणि माझ्यामागं न बोलावता आलेले सतरा जण.
कुणीतरी फोडलं होतं,
इंजिनियर आपल्याच बॅचचा आहे बे.

हेडाऊ म्हणाला, या खिडकीतून
मी भूगोलाचं पूर्ण पुस्तक खाली टाकलं होतं, पान-पान करून.
मर्झबानला आठवला ब्रदर अँसेल्मच्या झग्याचा वास,
खडू आणि ओल्या वाळ्याच्या पडद्याचा.
निनावे खांबाला कान लावून उभा राहिला.
काहून ते त्यानं सांगितलं नाही.

मग अर्थातच फादर द्युक्रे.
कुठल्याशा बर्फाच्या गावाहून आलेले,
मराठी शिकलेले ते प्रार्थनेच्या पुस्तकातून,
म्हणून शिव्याही अहो-जाहोत द्यायचे :
'आपण महामूर्ख आहात. कृपया बाकावर उभे राहावे.'
साठीतले सतरा जण हसले
आणि वरच्या कौलांतून कबुतरं उडाली.
(वर्गात मराठी बोललं की दहा पैसे दंड.
सुताराच्या करवतीनं बोट कापलं तेव्हा
उमाठेनं 'आई गं'चेही भरले होते.)

मी म्हटलं, भावांनो, मला आकडे लागतात.
नकाशाचा हा कोपरा वाळवीनं खाल्लाय.
सांगा, जिन्याला पायऱ्या किती?
एकवीस. चोवीस. एकोणीस.
तर्री-पोह्याची पैज लागली.
एकोणीसवाला शेवटच्या तीन उडी मारून उतरायचा.
चोवीसवाल्यानं मधल्या चौकातले दोन उंबरेही धरले होते,
वर्गाबाहेर काढलं की तो तिथंच बसायचा.
मी टॉर्च मारून मोजल्या.
बावीस.

'चव्वेचाळीस,' फ्लोरियन टोप्पो म्हणाला.
तो खालीच होता, पहिल्या पायरीशी, कुबडीवर.
'प्रत्येक पायरीवर दोनदा.
आधी हा पाय. मग हा, लोखंडाचा.'

कबुतरं परत येऊन बसली तेवढा वेळ
कुणी बोललं नाही.
मी म्हणालो, तुझं दप्तर मी न्यायचो वर, आठवतं?
'आठवतं ना,' टोप्पो म्हणाला, 'रोजचे पाच पैसे.'
आणि तो हसला, अगदी साधं,
त्यात काही टोचणारं असतं तर बरं झालं असतं.

दुपारी ते सगळे पोहे खायला गेले.
मी गुडघ्यावर बसून झीज मोजली.
कामठीकडचा वालुकाश्म, मऊ दगड,
मधोमध दीड इंच खोल, जशी असते तशी.
कठड्याच्या बाजूला मात्र
जवळजवळ प्रत्येक पायरीवर एक लहानसा खळगा,
अंगठा बसेल एवढा.
शंभर वर्षांत नाल ठोकलेले किती बूट गेले असतील,
बादल्या आपटल्या असतील, घंटेची दोरी ओढणारे, हमाल.
सहा वर्षांत एका मुलाच्या पायानं
दगड खचत नाही. हे मला शिकवलेलं आहे.
अहवालात लिहिलं : स्थानिक झीज, कारण अज्ञात.
मग 'अज्ञात' खोडलं,
तिथं दुसरं काही सुचलं नाही.

पिवळी मारबत निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी गेलो.
सात पट्ट्यांपैकी सहा साबूत.
जिन्याजवळची जागेवर नव्हती,
खाली तुकडा नाही, चुरा नाही,
प्लास्टरचे दोन गोळे तेवढे भिंतीला.
शिपाई म्हणाला, पाचवीतलं एक पोट्टं इथं घुटमळत होतं साहेब,
त्यानंच नेली असन,
काच धरून सूर्य पाहाले.

सहा रकान्यांत लिहिलं : स्थिर.
सातवा तसाच ठेवलाय.