शेरा

महापे, सातवा मजला. एसी इतका गार
की मी ओढणी गुडघ्यांवर घेऊन बसते
आणि सोंगेआ जिल्ह्यातला मका टाइप करते.

स्कॅन केलेला फॉर्म, कुटुंब क्रमांक चारशे सतरा.
अक्षर गौडेन्सिया म्हगामाचं.
तिचा सात पोटात कापलेला असतो,
पान भिजलं की शाई फुटते
आणि उत्तर शेजारच्या चौकटीत शिरतं.
चौदा महिने मी तिचं अक्षर वाचतेय.
तिला मी माहीत नाही.

मुख्य पीक, एकच निवडा: मका.
समासात मात्र तिनं बारीक लिहिलंय,
मक्यावर घेवडा चढलाय, खाली भोपळा,
बांधाला तूर, आणि एक केळ
जिच्या मालकीवर घरात एकमत नाही.

समासाला कोड नाही.
लोबो सर म्हणतात, समास सोड, टार्गेट बघ.
दिवसाला साठ फॉर्म.

उत्पन्न: बावीस डेबे.
पहिल्यांदा वाटलं, डबे लिहायचं होतं, चुकली असेल.
नाही. त्यांच्याकडे डेबेच म्हणतात.
रॉकेलचा चौकोनी डबा, वीस लिटरचा.
आपल्याच किनाऱ्यावरून कधीतरी गलबतात बसला असेल हा शब्द,
आणि तिकडेच राहिला, माप होऊन.

सॉफ्टवेअरने रकाना लाल केला:
एवढ्याशा रानात इतका मका येत नाही.
शेजारची निलाक्षी म्हणाली, मापात पाप, दुसरं काय.
मी शंका पाठवली: डेबे सपाट की शीग लावून?
शीग इंग्रजीत लिहिण्यात दहा मिनिटं गेली.
शेवटी कागदावर डब्यावरचा डोंगर काढला,
फोटो जोडला.

एकोणीस दिवसांनी उत्तर आलं.
पुन्हा गेले होते. नदीला पाणी होतं,
अलीकडूनच ओरडून विचारलं.
बाई हसली. म्हणाली,
कोण मोजतंय त्यावर.

यादीत पर्याय दोनच, सपाट किंवा शीग.
मी नियमाप्रमाणे उणे नव्व्याण्णव टाकलं.
आमच्याकडे त्याचा अर्थ, माहीत नाही.
रकाना लगेच हिरवा झाला.

घणसोलीच्या घरी कपाटात
लॅमिनेट केलेला एक कागद आहे,
जमीन गेली तेव्हाचा पंचनामा.
जमीन खार. पीक भात, एकवेळ.
बस. भात राता होता, लाल तांदळाचा, हे त्यात नाही.
उघाडीच्या तोंडाशी लावलेलं जाळं नाही,
पाणी ओसरताना खाचरात अडकलेला जिताडा नाही,
ओलीवर टाकलेले वाल नाहीत.
चिंबोऱ्या तर कुणाच्याच नावावर नव्हत्या.
तिथं उणे नव्व्याण्णवसुद्धा नाही.
तिथं कोरं आहे,
आणि कोरं म्हणजे शून्य धरतात.

सुरंगाआत्या ओट्यावर सोडे निवडत होती.
आत्या, आपल्या खाजणात वर्षाला किती पिकायचं?
तिनं चष्म्यावरून पाहिलं.
कोन इचारतंय?
म्हटलं, मीच.
मग तिनं हात पदराला पुसले
आणि खंडीपासून सुरुवात केली.
खंडीवरून मणावर, मणावरून पायलीवर,
पायलीवरून भांडुपच्या मावशीच्या लग्नाला गेलेल्या
टोपलीभर निवट्यांवर,
त्यातले अर्धे वाटेत कसे उड्या मारून पळाले त्यावर.
बेरीज काही झाली नाही.
दीड वाजला.

सकाळी चारशे सतरा पुन्हा उघडला.
शेवटी शेरा म्हणून एक रकाना असतो,
ऐंशी अक्षरांचा. तो कुणी वाचत नाही,
म्हणून तो लालही होत नाही.
घेवडा, टाइप केलं. भोपळा. बांधाला तूर.
केळ एक, वाद चालू.
डेबे, कोण मोजतंय त्याव

जागा संपली.
जतन केलं.