माया

कागदावर बेतल्याशिवाय मी कधी
खणाच्या तुकड्यालाही कात्री लावली नाही.
आणि ह्यांनी मंगळवारी, दुपारची झोप झाल्यावर,
सरळ ग्राइंडर लावला
एकोणसाठ सालच्या फियाटच्या मधल्या खांबाला.

मिरजेतल्या एका डॉक्टरांची, चार दारांची.
त्यांच्या मुलांनी वजनावर दिली,
मागच्या सीटखाली थर्मामीटरची रिकामी नळी अजून होती.
ह्यांना ती दोन दारांची करायची.
का, तर नववीत असताना
सांगलीत हरभट रोडला एक पाहिलेली, लांब दाराची,
आणि ते दार लागताना धाड नाही,
हूं असा आवाज आला म्हणे,
घरातलं मोठं माणूस हुंकार देतं तसा.

त्या एका हुंकारासाठी मालगावची आमची शेड,
जिथं मावसभावाचा बेदाणा असायचा,
तीन वर्षं पत्र्यानं भरली.

खांब कापला आणि छत बसलं.
फार नाही, दोन सूत.
पण दोन सूत म्हणजे काय ते मला विचारा.
दंडाला तेवढं कमी पडलं
तर बाई अख्ख्या लग्नात हात वर करत नाही.

मग दस्तगीर शिकलगार आला.
त्याचे चुलते सतारीचे भोपळे कोरतात,
हा पत्रा ठोकतो, पण कान तोच.
बोटाच्या पेरानं छतावर टकटक केली, ऐकलं,
म्हणाला, "काकी, घसा बसलाय हिचा.
कापायच्या आधी आतनं आडवा पाइप द्यायचा असतोय, मालक."
मालक गप्प.
आयुष्यभर दुसऱ्यांचे मीटर वाचलेला माणूस,
आपला आकडा चुकला की
चष्मा पुसायला घेतो.

जॅक लावून छत उचललं. मग दार.
मागच्या दारातला अकरा इंचाचा तुकडा पुढच्याला जोडायचा.
रेघ मारली, कापला,
डाग दिले, घासलं, बसवलं.
बोटभर फट.
"माप बरोबर होतं. तीनदा घेतलंय मी."
माप बरोबरच होतं.
मी विचारलं, माया कुठाय?

असं बघितलं माझ्याकडं,
बत्तीस वर्षांत हा प्रश्न कधी येणार
याची जणू वाटच बघत होते.

"शिवणीतली हो," मी म्हटलं.
"माप अंगाचं घ्यायचं, कापड त्याहून सोडून कापायचं.
सोडलेलं आत दुमडून जातं, दिसत नाही.
उद्या अंग भरलं तर तेच उसवून देता येतं."
दस्तगीर हसला, "आमच्यातबी मायाच म्हणतात."

त्या रात्री शेडच्या फरशीवर खाकी कागद अंथरून
साबणाच्या चिपेनं मी दार बेतलं.
चाकावरून येणारी गोलाई बगलेसारखी,
आणि बगला मी हजारांनी कापल्यात.
लाइट गेली होती. हे बॅटरी धरून उभे,
जुनी, बटण दाबूनच धरावं लागतं अशी.
अंगठा पांढरा पडला तरी धरलं.

दार पाचव्यांदा बसलं.
डावं अजून पावसात अडतं, कंबरेनं ढकलावं लागतं.
पासिंगला साहेब म्हणाले, कागदावर चार आहेत,
उरलेली दोन कुठायत?
एकाचा पत्रा माझ्या इस्त्रीच्या टेबलाखाली आहे.
दुसऱ्याचं हँडल दुकानाच्या कपाटाला बसवलंय,
गिऱ्हाइकं हटकून उलटं फिरवतात.

म्हणून गाडी शेडपासून विहिरीपर्यंत जाते आणि परत येते.
हे उतरतात, दार लावतात,
कान देऊन उभे राहतात.
धाड.
परत उघडून लावतात.

मी मुद्दाम मागं बसते.
मागं आता दार नाही.
ह्यांना आधी उतरावं लागतं,
सीट वाकवावी लागते, हात द्यावा लागतो.
दुकानावरून कोणी ब्लाउजसाठी हाक मारली
तर वेळ लागतो मला बाहेर यायला.
लागू दे.