तपासणीचा फॉर्म

लेसोथोच्या डोंगरात, घोड्यावरून,
शाळा तपासायला गेलो. फॉर्मवर रकाने होते:
शिस्त, चिकाटी, आवाज, हस्ताक्षर.
दहापैकी गुण द्या.

मपोलोकेंगबाईंचा आवाज बसलेला.
हस्ताक्षर बरं. फळ्यावर एक शब्द चुकला,
पुढची पोरगी म्हणाली, चुकलं.
खरंच की, म्हणत बाईंनी खडू तिच्याच हातात दिला.

शेवटच्या बाकावर मोलुपे. वय अकरा, इयत्ता पहिली.
आजवर मेंढरांमागे होता,
घोंगडीला अजून धुराचा वास.
तुझी मेंढरं किती, लिही.
त्यानं लिहिलं ३६:
दोन आकडे, पाठीला पाठ लावून.

कुणी हसलं नाही.
बाईंनी खोडलं नाही. एवढंच विचारलं,
मी यावर विश्वास ठेवला, तर किती हरवतील?

आणि थांबल्या.
स्टोव्हवरची किटली उकळून उकळून अर्धी झाली.
मी दोनदा घड्याळ पाहिलं. त्यांनी एकदाही नाही.

सत्तावीस! पोरगा ताडकन उभा राहिला,
जणू खरंच दरीत गेली.
हातचा नाही, बोटं नाहीत.
मग आकड्यांची तोंडं त्यानंच
समोरासमोर आणली: ६३.

निघताना दिसलं,
त्याच्या बाकाच्या चारी पायांखाली विटा,
वाढलेले गुडघे मावावेत म्हणून.
विटांना रकाना नव्हता.

उतारावर त्याचाच कळप भेटला,
धाकटा भाऊ हाकत होता.
मोजायला लागलो.
चाळिशीत कुठेतरी चुकलो.