सातशे फेऱ्यांवर

मार्लीन डिक म्हणाली, पळताना काही नाही.
पळताना गाडी लोण्यासारखी.
थांबली, की तिच्या अंगात येतं.

आणि थांबणं हाच मार्लीनचा धंदा:
एकशे बारा टपालपेट्या, खांबांवर, सस्कॅचवानच्या बर्फात,
प्रत्येकीपाशी ब्रेक, काच खाली, हात बाहेर.

उणे एकतीस होतं त्या सकाळी.
शेगडी पेटवून मी बॉनेट उघडलं
आणि आधी नुसता ऐकत उभा राहिलो.
वडील म्हणायचे, इंजिनला पहिला प्रश्न आपण विचारू नये,
ते बोलेपर्यंत कॉफी प्यावी.

सातशे फेऱ्या: थरथर.
नऊशे: कमी.
बाराशेला गायब, जणू मीच खोटं बोलत होतो.
न्यूट्रलमध्ये थोडी, गिअरमध्ये जास्त.
डॅशबोर्डवरचं चष्म्याचं घर सरकत सरकत कडेला यायचं,
पडायचं.

प्लग काढले. आठही कोरडे, विटकरी, तब्येतीने बरे.
कॉइल अदलाबदल करून पाहिल्या.
नळ्यांत धूर सोडला; कुठूनच निघाला नाही,
फक्त माझ्या डोळ्यांत गेला.
पट्टा उतरवून अर्धा मिनिट चालवलं:
पंखा, पंप, अल्टरनेटर सगळे निर्दोष सुटले.
सायलेन्सरचा पाइप चासीला टेकतोय का
म्हणून पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला, आरपार गेला.
संगणक म्हणाला, दोष नाही.
संगणकाला काय, त्याला त्या सीटवर बसायचं नसतं.

तीन दिवस. माशी कुठे शिंकतेय कळेना.

तिसऱ्या संध्याकाळी ती आली, हातमोजे न काढता.
म्हणाली, ओरेस्ट, गाडीच थरथरते ना?
मला कळेना, दुसरं काय थरथरणार.
मग म्हणाली,
एप्रिलपासून पाकिटं पेटीच्या फटीत नीट जात नाहीत,
पावत्यांवरची सही वाकडी.
बापाचं असंच सुरू झालं होतं,
आधी चमचा, मग बटणं, मग सगळंच.
आठ महिने ती चारचौघांत अर्धाच कप कॉफी घेत होती.
डॉक्टरकडे गेली नाही. गाडीही आणली नाही,
कारण गाडी ठणठणीत निघाली असती तर?

त्या रात्री मी घरी गेलो नाही.
पहारीने इंजिन उचकटून पाहिलं. डावीकडे रबर दबलं, सुटलं.
उजवीकडे हललंच नाही.
टॉर्च तोंडात धरून खाली सरकलो:
माउंटची खुंटी तिच्या भोकात नव्हती,
शेजारी चढून बसली होती, लोखंडावर लोखंड,
आणि वरच्या बोल्टवर पिवळ्या रंगाची तिरकी रेघ.

आवळून झाल्यावर मीच मारतो ती रेघ.
म्हणजे परत तपासायला नको.

वहीत होतंच. एप्रिल: माउंट, उजवा, एक. मजुरी दीड तास.

बोल्ट ढिला करायला चार मिनिटं लागली.
खुंटी खट् करून घरी गेली.
त्याआधी किती वेळ पाठीवर पडून होतो, ते मोजलं नाही.

सकाळी सांगितलं तिला.
बोल्टपासून सुरुवात केली,
रेघेपर्यंत यायला जरा वेळ लावला.
ती काही बोलली नाही.
गाडीत बसली, चालू केली, गिअर टाकला, ब्रेकवर पाय.
चष्म्याचं घर जागचं हललं नाही.
उजवा हातमोजा दातांनी ओढून काढला,
स्टिअरिंगवर पावतीपुस्तक ठेवून सही केली,
खाली आणखी एक, मग आणखी एक.
काचेबाहेरून मला त्या सह्या दिसत नव्हत्या.

किती झाले?
मी म्हणालो, काही नाही.
"एप्रिलचे परत दे," ती म्हणाली. "दीड तासाचे."
गल्ल्यातून काढून दिले. तिने दोनदा मोजले.

पहिली पेटी समोरच आहे, धान्याच्या कोठाराजवळ.
तिथे ती थांबली. काच खाली गेली.
मी दार उघडं टाकून ऐकत राहिलो,
शेगडीची सगळी ऊब बाहेर चालली होती.